दोन दिवस बाकी

पश्चिमेची भिंत मंगळवारी उघडली.
वारा तिकडूनच येतो, तिरका, खारा,
आणि पाऊस आमच्या चिलोएत पडत नाही, राहायलाच असतो.
सेलेदोनियोकाका एकेका खांबावर बोटाचं पेर वाजवत गेले,
मडकं घेताना वाजवून बघावं तसं.
चौथ्यापाशी थांबले, कान लावला,
म्हणाले, "हा पोकळ. कधीपासून खोटं बोलतोय आपल्याशी."

सांतियागोहून आलेल्या इंजिनियरबाईंकडे यंत्र होतं.
यंत्रही चौथाच म्हणालं,
अर्ध्या तासानं.

बेटावर घरं चाळीस, रात्री दिवे लागतात सतरांत.
पोरं साल्मनच्या कारखान्यात, नाहीतर त्याहून लांब.
पाद्री वर्षातून दोनदा, तेही समुद्रानं येऊ दिलं तर.
हे चर्च होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं.
मान वर करून छत बघा: पालथी घातलेली होडी.
त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.
लोखंडाचा खिळा नाही, लाकडाला लाकडाचीच खुंटी.

मिंगाची हाक आली की यायचं.
मजुरी नसते, पण उपाशी कुणी परतत नाही.
ज्याला चढता येतं त्यानं चढायचं,
ज्याला नाही त्यानं बटाटे सोलायचे,
आणि लुदोविनानं खाली उभं राहून
सगळ्यांच्या चुका काढायच्या.

आलेर्सेचं झाड आता तोडायचं नाही. कायदा आहे, बरा आहे.
म्हणून जुनीच फळकुटं उतरवायची, घासायची
आणि उलटी करून लावायची:
दीडशे वर्षं पाऊस खाल्लेली बाजू आत,
आतली, अजून तांबूस, बाहेर.
मला जमलं हे काम. रात्रपाळीत मी मासे चिरते;
इथे निदान उघडलेलं पुन्हा मिटवता येतं.

चौथ्या खांबामागच्या फळीवर
कोळशानं लिहिलेलं सापडलं.
प्रार्थना असेल म्हणून कुणीतरी टोपी काढली.
हिशोब होता.
नावं, नावांपुढे रेघा, एक रेघ एक दिवस,
चार उभ्या, पाचवी त्यांवर आडवी.
मिल्याकुरा, वीस. चिगुआय, वीस.
विधवा बार्रिया, वीस, शिवाय एक मेंढी.
रेमोल्कोय, अठरा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
बेटावर रेमोल्कोय उरलेली मी एकटी.

लुदोविना म्हणाली, बुडाला असेल बिचारा.
तिचा भाऊ म्हणाला, प्यायला असेल.
मी म्हटलं, मोजणारा चिगुआय असेल,
आणि चिगुआयांना मोजता कधी आलंय?
सगळे हसले. चिगुआयही हसले, जरा उशिरा.
बाईंनी हातमोजे घालून फळी उचलली,
म्हणाल्या, ही संग्रहालयात जायला हवी.
काका म्हणाले, ही भिंतीत जायला हवी.
भार आहे तिच्यावर.

मी कारखान्यात फोन केला, दोन दिवस येत नाही.
मुकादमानं विचारलं, आजारी?
नाही, देणं आहे.
कुणाचं?
एवढं लांबचं नातं फोनवर सांगता येईना.

गुरुवारी अंगठा ठेचला. शुक्रवारी गारा.
खापरपणजोबा कसा दिसायचा मला ठाऊक नाही,
काळा की गोरा, कामसू की कामचुकार;
पण एक खुंटी अर्धी आत जाऊन अडली
तेव्हा तोंडातून जी शिवी गेली
ती माझी नव्हती.
फार जुन्या वळणाची होती.
काकांनी चमकून वर बघितलं.

फळी बसवण्याआधी त्यांनी चुलीतला कोळसा आणून दिला.
एक उभी ओढली.
मग आडवी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मटणाची परात आली होती.

शनिवारी कामावर जायचं, पहाटेच्या होडीनं.
उत्तरेची भिंत अजून उघडायचीय,
तिच्यामागे कुणाचं काय निघेल सांगता येत नाही.
होडी सुटली तेव्हा धक्का दिसत नव्हता धुक्यात,
पण पाण्यावरून ऐकू येत होतं
काकांचं पेर:
ठक. ठक. ठक.
मग बराच वेळ काहीच नाही.